बॉनेटवरची रेघ

मी एक जुनी चिंधी आहे. मित्रांनो, हे सांगताना मी मान खाली घालत नाही. ज्या माणसाने मला तुच्छ मानलं त्याची मोटार माझ्यामुळे चकाकली, आणि माझ्यामुळेच तिची शोभा गेली. दोन्ही गोष्टी मी क्रमाने सांगते.

आठ वर्षं मी बायजाच्या अंगावर लुगडं म्हणून होते. उल्हास नदीच्या दगडांवर तिने मला इतक्या वेळा आपटलं की माझी खळ आणि कडकपणा वाहून गेला, रंग विटला. मग मी मधोमध विरले. विरलेला भाग कापून तिने दोन टोकं जोडली आणि ते दांड घातलेलं लुगडं ती पुन्हा नेसू लागली. कापून उरलेला हातभर तुकडा म्हणजे मी.

बायजाचा नवरा नामा कर्जतच्या आबाजीशेटच्या भातगिरणीत होता. शेटची मोटार चालवणं, धुणं, पुसणं हे त्याचं काम. दोघं गिरणीमागच्या खोलीत राहत. मोटार काळी होती. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून ती चार वर्षं विटांवर उभी राहिली होती. पंचेचाळीस साली लढाई संपली आणि शेटने ती खाली उतरवली. कारण त्याच्या मुलीचं लग्न खालापूरच्या मालोजीरावांच्या घरात ठरलं होतं, आणि मालोजीराव दसऱ्याला सोनं द्यायला यायचे होते.

आबाजीशेटला मोटारीतलं एकच कळत होतं: तिच्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. ते तोंड इतक्या मेहनतीने बघण्यासारखं होतं असं मला कधी वाटलं नाही.

दसऱ्याच्या नऊ दिवस आधी त्याने मुंबईहून मागवलेली मेणाची डबी आली. सोबत पाच वार कोरं मांजरपाट आलं. त्या वर्षी कापड रेशन कार्डावर मिळे. बायजा नव्या लुगड्यासाठी चार महिने दुकानात खेपा घालत होती. आणि इथे पाच वार कापड एका मोटारीच्या अंगाला पुसायला आलं होतं.

नामाने कापड बोटांत चुरगळून पाहिलं. "शेट, याला खळ हाय. धुतल्याबिगर लावाया नको. रंगावर रेघा उठतील."

"पूजेच्या गाडीला कोरंच कापड लागतं," शेट म्हणाला. "वापरलेलं फडकं लावायला ती काय म्हैस आहे?"

"म्हशीवर रेघा दिसत नाय, शेट."

शेटला विनोद आवडत नसत, विशेषतः खरे. त्याने स्वतःच बाह्या सरसावल्या. भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, पोळीवर तूप थापावं तसं मेण थापलं आणि मांजरपाटाने गोल गोल घासलं. मेण तिथल्या तिथे वाळून बसलं. ते खरवडून काढल्यावर सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या.

शेटने त्या पाहिल्या. नंतर नामाकडे पाहिलं. "दसऱ्याला एक जरी रेघ दिसली, तर तुझं बिऱ्हाड त्या खोलीतून बाहेर," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

त्या संध्याकाळी नामाने खोलीत मिळतील ती फडकी मांडली. काय उमेदवार होते! गोणपाट, ज्याने पत्रा सोलून निघाला असता. रेल्वेच्या शेडमधून आणलेला सुताचा गुंता, ज्याच्यात लोखंडाचा कीस अडकलेला. शेटच्या घरून आलेला रेशमी रुमाल दिसायला देखणा, पण तो मेण टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे लोटतो. एक पंचा बरा होता, पण त्याची शिवण टणक.

"गालाला लाव," नामा म्हणाला. "गालाला टोचलं तर गाडीला टोचल."

बायजाने एकेक फडकं गालाला लावलं आणि बाजूला टाकलं. माझ्यावर मात्र ती थांबली. "हे माजंच हाय की रं. याचा काठ तेवढा काप."

"का गं?"

"काठ मलाच टोचायचा, गाडीला नाय टोचणार?"

काठ गेला. गादीतला कापूस पिंजून, त्यातला कचरा वेचून बायजाने जुन्या मऊ धोतरात त्याची पुरचुंडी बांधली. मेण लावायचं काम त्या पुरचुंडीचं, पुसायचं माझं. नामा सावलीत, एका वेळी वीतभर जागेवर, अगदी पातळ मेण लावी. ते धुरकट झालं की मला हलक्या हाताने फिरवी. आठ दिवस तो असं करत राहिला. रेघा गेल्या नव्हत्या, मेणाने भरल्या होत्या. हा फरक शेटला कळण्याचं काही कारण नव्हतं.

दसऱ्याला मालोजीराव बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा बॉनेटमध्ये झेंडूचं तोरण दिसत होतं. नामा शेवटचा हात फिरवत होता. तेवढ्यात शेटचं लक्ष माझ्या विटक्या हिरव्या रंगाकडे गेलं.

"हे काय? बायकोचं फाटकं लुगडं? पूजेच्या गाडीला?"

त्याने मला ओढलं, गिरणीमागच्या अंगणातल्या खडीवर फेकलं आणि वर पाय दिला. मग पुढच्या चाकाजवळ दगडावर नारळ फोडला. पाणी बॉनेटवर उडालं. पाहुण्यांसमोर डाग! शेट गडबडला. इकडे तिकडे पाहिलं आणि पायाजवळ पडलेली मीच त्याने उचलली.

"शेट, ते नको!" नामा ओरडला. "खाली पडलंय, खडा असंल त्याच्यात!"

"आता तू मला शिकवणार?"

त्याने जोर लावून पुसलं. कर्र असा आवाज झाला. बॉनेटच्या बरोबर मध्यावर हातभर लांब पांढरी रेघ उमटली. पत्र्यापर्यंत.

मालोजीराव वाकले. "आबाजी, रेघ आली वाटतं."

मग खोलीच्या दारातून बायजा म्हणाली, "शेट, रेघ दिसली तर खोली सोडायची म्हनला होता. कोनी सोडायची ते बी सांगा, पावनं हायत तोवर."

"कसली खोली?" मालोजीरावांनी विचारलं.

शेट नारळाचे तुकडे वेचू लागला. त्या दिवसानंतर खोलीचा विषय त्याने काढला नाही. नामा आणि बायजा अजून तिथेच राहतात. रेघही तिथेच आहे. चार वर्षं झाली, शेट मोटारीजवळ उभा राहिला की रेघेवर हात ठेवून उभा राहतो.

मित्रांनो, फडकं जुनं घ्या, मऊ घ्या, काठ कापलेलं घ्या. पण ते एकदा जमिनीवर पडलं की धुतल्याशिवाय चकाकत्या वस्तूला लावू नका. आणि त्याला जमिनीवर फेकणारे तुम्हीच असाल, तर मुळीच लावू नका.

तो खडा माझ्या घडीत अडकला होता. मला तो सोडून देता आला असता का? चिंधीला तेवढं जमत नाही. जमत असतं, तरी मी सोडला नसता.