डॉक्टरांनी लावलेली तार

मित्रांनो, खिडकीतल्या उथळ कुंडीत उभा असलेला हा एवढासा मेपल म्हणजे मी. मला पाहून पाहुणे हमखास विचारतात, "रोप केव्हा लावलं?" रोप! जरा माझ्या खोडाकडे नीट बघा. साल जागोजागी भेगाळली आहे, मुळे मातीवर उघडी पडली आहेत. या घरातली मुलगी रांगत होती तेव्हापासून मी इथे आहे, आणि आता ती नोकरीला लागली आहे. मी जातीचाच ठेंगणा, त्यात बोन्साय. म्हणून वय दिसत नाही, इतकेच.

माझे बालपण रोपवाटिकेत गेले. साध्या मेपलच्या रोपावर ठेंगण्या जपानी मेपलची काडी बांधून माळ्याने माझे कलम केले. शेजारची भावंडे भराभर वाढली आणि गिऱ्हाइकांनी उचलून नेली. मी आपला होतो तिथेच. एके दिवशी दातांचे एक डॉक्टर आले. "हा काही वाढत नाही," माळ्याने प्रामाणिकपणे सांगितले.

"मग हाच द्या," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे तरी जागा कुठे आहे?"

त्यांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. मुलांच्या वाकड्या दातांना तार लावून ते सरळ करणे हे त्यांचे काम, आणि माझ्या सरळ फांद्यांना तार लावून त्या वाकवणे हा छंद. "दिवसभर सरळ करायचं आणि संध्याकाळी वाकडं," असे म्हणून त्यांची पत्नी हसायची. दवाखान्यात येणारी मुले तिला काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो. डॉक्टर मधूनमधून माझी मुळे छाटून नवी माती घालत. तेव्हा दुखायचे, खोटे कशाला बोलू? पण हवा गार झाली की माझी पाने लालबुंद होत, आणि खुर्चीला घाबरलेली मुले माझ्याकडे बघता बघता रडायची थांबत. मग मीही थोडा भाव खात असे.

एकदा वसंतात डॉक्टरांनी माझ्या डाव्या फांदीला तार गुंडाळली. ती फांदी हट्टी होती, सारखी आभाळाकडे धावायची. त्यांनी तिला हळूहळू खाली झुकवले आणि काकूंना म्हणाले, "सालीत रुतायच्या आत काढायची हं, नाहीतर फांदी जाईल." काढायची वेळ आली तेव्हा ते नव्हते. ऐन उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या दुखण्यात ते गेले.

दवाखाना बंद झाला. काकूंनी मला पाणी घालणे मात्र एक दिवस चुकवले नाही. ऊन वाढले की त्या मला सावलीत सरकवत. तरी मी खंगत होतो, कारण फांदी जाड होत होती आणि तार जागची हलत नव्हती. टोकाची पाने करपू लागली. ते प्रथम मुलीच्या लक्षात आले.

"आई, तार रुततेय बघ. काढू का मी?"

"हात लावू नकोस. त्यांच्या हातची शेवटची आहे ती."

"अगं, पण फांदी जाईल!"

"जाऊ दे म्हणाले का मी? राहू दे म्हणाले."

मला काकूंचा राग आला नाही. त्या माझ्याजवळ बसून तारेच्या एकेका वेढ्यावरून बोट फिरवत, तेव्हा माझेच मन भरून येई. पण वेदना होत होत्या, आणि झाडाला तोंड नसते.

पानगळ सुरू झाली तेव्हा दारात एक बाई आल्या. सोबत दाताला तार लावलेली त्यांची मुलगी, गाल सुजलेला. "दुसऱ्या डॉक्टरांकडे चल म्हटलं तर ऐकतच नाही हो. म्हणते, काकांनी लावलीय, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. काका गेलेत हे कळतं तिला, पण हट्ट सोडत नाही. तुम्ही तरी सांगा."

काकूंनी तिला जवळ घेतले. "तोंड उघड बघू." हिरड्या लाल होऊन तारेवर चढल्या होत्या. "अगं बाळा, किती दुखत असेल! काकांनी ही तार जन्मभर ठेवायला लावली होती का? काढायची म्हणूनच तर..."

काकूंचे वाक्य अर्धेच राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मग चपला घातल्या, त्या मुलीचा हात धरला आणि स्वतः तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

परत आल्यावर त्यांनी डॉक्टरांची तार कापायची बारीक पक्कड काढली. तार उलगडली असती तर सालही सोलून निघाली असती, म्हणून त्यांच्या मुलीने फांदीला आधार दिला आणि काकूंनी वेढा न् वेढा तुकडे करून कापला. एक तुकडा सालीने गिळलाच होता. तो तसाच ठेवावा लागला. फांदीचे टोकही वाळले होते, तेही गेले. शेवटचा वेढा निघाल्यावर काकूंनी फांदी घट्ट धरून ठेवली. सोडली की ती वर उसळेल आणि डॉक्टरांचे एवढे शेवटचे कामही पुसले जाईल, हीच तर भीती होती.

"सोड आई," मुलगी म्हणाली.

काकूंनी बोटे सैल केली. फांदी झुकलेलीच राहिली.

"अगं, वळण लागलंय हिला," काकू म्हणाल्या, आणि डॉक्टर गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या.

मित्रांनो, त्या फांदीवर तारेचे वण अजून आहेत आणि ते जाणार नाहीत. तुमच्या घरी कुणाच्या आठवणीचे झाड असेल, तर त्याला पाणी घालाच. पण पाणी घालून लगेच वळू नका. त्याच्या फांद्यांवरून हात फिरवा आणि कुठे काही रुतत नाही ना, ते बघा. आम्हाला सांगता येत नाही.