दोन सह्या आणि काचेची पेटी

मी एक सही बोलतेय. शाई नाही, कागद नाही, तरी सहीच. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीसाठी एका बाईने प्रोग्राम लिहिला आणि आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त तिच्याच ताब्यातल्या लांबलचक आकड्याने, त्यावर मला उमटवलं. त्यातल्या लाखो अक्षरांपैकी एक जरी कुणी बदललं, तरी मी मोडते. एवढं बळ माझ्या अंगी आलं कुठून, याचं मला अजून नवल वाटतं.

एका दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने मला डाउनलोड केलं आणि समुद्र ओलांडून मी क्षणात तिथे पोचले. तिथली पेटी ऊब चुकीची मोजत होती, नव्या प्रोग्रामने ती सुधारणार होती. तिची वाट पाहणारं मूठभर बाळ तोवर आईच्या छातीशी, पांघरुणाखाली होतं.

माझ्या शेजारी आणखी एक फाइल येऊन बसली होती. 'ताबडतोब घाला' म्हणणाऱ्या ईमेलमधून आलेली. तिच्यावरही सही, तिच्यापुढेही सही खरी असल्याची हिरवी खूण.

"दोन्ही खऱ्या दिसतायत. कुठलीही घाल, पण लवकर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सही खरी आहे हो मॅडम. पण कुणाची?" तंत्रज्ञाने दोन्ही सह्या करणाऱ्यांची नावं उघडली. त्या दुसरीवर भलत्याच कंपनीचं नाव होतं. सही अस्सल, माणूस परका.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "बघ नीट. मी बाळापाशी थांबते."

माझ्यावरचं नाव बरोबर होतं. पण नाव काय, कुणीही लावतं. त्याने ईमेलमधला नंबर सोडून पेटीच्या पाठीवर छापलेल्या कंपनीच्या नंबरावर फोन केला. उचलला तो मला उमटवणाऱ्या बाईनेच. दोघांनी माझ्या किल्लीची ओळख पटवणारी, सगळ्यांना उघड असलेली खूण अक्षर अक्षर वाचून ताडून पाहिली. जुळली.

"बाळ केवढं आहे?" तिने विचारलं.

"किलोभर."

"त्या पेटीत बाळ कधी पाहिलंच नाही मी. फोन चालू ठेवाल?"

त्याने मला पेटीत घातलं, पेटी तापली, बाळ आत गेलं. फोनच्या दोन टोकांना दोन अनोळखी माणसं एकाच बाळाच्या हालचालीची वाट पाहत होती.

"मूठ उघडली," तो हळूच म्हणाला. पलीकडून हुंदका ऐकू आला.

आता मी त्याच पेटीत असते. मला कुणी पाहत नाही, त्याचं दुःख नाही. एक मात्र विनवते. हे कुणी पाठवलं आणि वाटेत त्याला हात लागला नाही, एवढंच मी सांगू शकते. पाठवणारा भला की बुरा, ते मला उमगत नाही. ते माणसाने माणसाला विचारावं.