एक घास कमी असलेली रोटी

मी एक जुनी रोटी आहे. किती जुनी म्हणाल, तर मला भाजून सात महिने झाले. तुमच्या घरी कालच्या पोळीलाही शिळी म्हणतात आणि तिचा कुस्करा करतात, हे मला ठाऊक आहे. मला खुशाल शिळी म्हणा, मित्रांनो, मला राग येत नाही. ताजी असताना मी ढिगातली एक होते. माझा मान वाढला तो शिळी झाल्यावर.

माझा जन्म समरकंदचा. सोरा खोला नावाच्या भट्टीवालीने मला घडवले. खोला म्हणजे मावशी, आणि ती साऱ्या गल्लीचीच मावशी आहे. तिने पीठ मळले, मधोमध लाकडी ठसा ठोकून नक्षी उमटवली, वर काळे तीळ शिंपडले आणि जाडजूड बाही खांद्यापर्यंत चढवून मला तंदुराच्या भिंतीवर थापले. बाहेर आले तेव्हा माझ्या कडा फुगलेल्या होत्या आणि अंगावर अशी चमक होती की कुणी तोंड पाहून घ्यावे. आम्हा समरकंदच्या रोट्यांना याची थोडी घमेंड असते. बुखाऱ्याच्या रोट्याही बऱ्या असतात असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी आम्हा चाळीस जणींना कापडात गुंडाळून स्टेशनावर नेले. आमची गाडी पाहुण्यांची. ताश्कंदहून निघते, समरकंद आणि बुखारा करत वाळवंट ओलांडून खिव्याला पोचते, आणि तशीच मागे फिरते. जिथे पूर्वी रेशमाचे गठ्ठे लादलेले उंट महिनोन्महिने चालत, तिथून हे पाहुणे मखमली पडदे सारून, गालिच्यावर पाय ठेवून, सरबत पीत जातात. जेवणाच्या डब्यात रोज ताजी रोटी लागते. तिथे रोटीचे आयुष्य एका जेवणाएवढे. मीही दुपारी पुलावाबरोबर संपून गेले असते, पण स्वयंपाकी एर्गश अकाने, म्हणजे एर्गशदादाने, ढिगातून मलाच उचलले आणि मुकर्रम ओपाच्या पुढे धरले.

ओपा म्हणजे ताई. मुकर्रम ओपा बावीस वर्षे या गाडीत पाहुण्यांचा डबा सांभाळत होती. बुटकी, गोलमटोल, आणि पुढचे दोन दात सोन्याचे. डब्याच्या टोकाला तिचा समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, आणि त्याच्याशेजारी तिचे लाकडी स्टूल. चहा पेल्यात ओतून तीनदा किटलीत परत ओतल्याशिवाय ती कुणाला देत नसे, मग पाहुणा कितीही मोठा असो. पण बावीस वर्षे डब्याच्या उंच पायऱ्या चढून-उतरून तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. आता ताश्कंदच्या इस्पितळात एकापाठोपाठ एक दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन व्हायचे होते.

"एक घास खा आणि मग जा," एर्गश अका म्हणाला.

"डॉक्टरनं उपाशीपोटी बोलावलंय."

"ते ऑपरेशनच्या दिवशी. आज काय धाड भरलीय?"

"आणि मी परत आलेच नाही तर? तुझं बरंच होईल म्हणा. माझ्या चहाला नावं ठेवायला मोकळा."

"यायचं नसेल तर खाऊ नकोस बाई. पाहुण्यांना वाढून टाकतो."

ओपाने त्याच्याकडे रागाने पाहिले आणि माझा मोठा लचका तोडला. सोन्याच्या दोन दातांची खूण माझ्या कडेवर कायमची उमटली.

आमच्याकडची रीत अशी. दूर निघालेल्याने रोटीचा एक घास खायचा. उरलेली रोटी घरची माणसे भिंतीला टांगतात. तो परतला की ती वाटून खायची, पण शेवटचा घास त्यानेच. आमच्या गाडीतल्या लोकांनी यात स्वतःची एक भर घातली. जोवर रोटी खिळ्यावर आहे, तोवर ओपाच्या स्टुलावर कुणी बसायचे नाही.

मला स्वयंपाकाच्या डब्यात दारासमोर टांगले. माझे ते दिवस फार मजेत गेले. एर्गश अका रोज सकाळी कांदा चिरता चिरता मला विचारायचा, "काय ओपा, गुडघा काय म्हणतोय?" मी काय उत्तर देणार? तोच स्वतः द्यायचा, "बरा आहे म्हणते." मग भांडी घासणाराही येता-जाता मला सलाम करायचा. खिडकीतून वाळवंट पळायचे आणि मी गाडीबरोबर डुलायची. एका रोटीला आणखी काय हवे?

चौथ्या महिन्यात गाडीला नवे व्यवस्थापक आले, ओताबेक साहेब. मोठ्या हॉटेलातून आलेले. बुटांना अशी पॉलिश की माझी चमक फिकी पडावी. आल्या आल्या त्यांची नजर माझ्यावर गेली.

"एर्गश अका, हे काय आहे?"

"रोटी आहे."

"रोटी आहे ते दिसतंय मला. दगड झालाय तिचा. पाहुण्यांना वाटेल, इथं शिळं वाढतात."

"ओपा आली की उतरेल."

"त्या काही येत नाहीत आता. त्यांच्या जागी नवीन मुलगी घ्यायचीय. टाकून द्या ही."

अकाने सुरी खाली ठेवली. "तुम्हीच टाका, साहेब."

साहेबांनी भांडी घासणाऱ्याकडे पाहिले. त्याने आपले साबणाचे हात दाखवले. वाढप्याला अचानक पाहुण्यांनी हाक मारल्याचे ऐकू आले. शेवटी साहेबांनी मला स्वतः उतरवले आणि कचऱ्याच्या डब्यापाशी नेले. पायाने झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्यांची गत झाली. आमच्या मुलखात रोटी कचऱ्यात टाकणारा हात अजून जन्माला यायचा आहे, आणि साहेब झाले तरी फर्गान्याकडच्या आईचेच लेकरू ना. कुणी बघत नाहीसे पाहून त्यांनी मला कपाळाला लावले, आपल्या खोलीत नेले आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिले. घाईत पालथी ठेवली होती, ती परत येऊन सुलटी केली.

तिथे मी धूळ खात पडले. शेजारी जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी. गुडघ्याची चौकशी करणारे कुणी नाही. मला खरेच रडू यायचे, पण माझ्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता. आपण इथे पडून राहिलो तर ओपाची जागा जाईल, हाच एक घोर लागला होता.

महिनाभराने बुखाऱ्याच्या स्टेशनावर साहेबांनी मला बाहेर काढले. चिमण्यांना घातली तर पापही लागत नाही आणि कटकटही मिटते, असा त्यांनी हिशेब केला असावा. फलाटावरच्या बाकावर बसून ते मला मोडू लागले. मी कसली मोडते? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि मी तर सोरा खोलाच्या हातची. त्यांनी मला बाकाच्या कडेवर आपटले, तेव्हा कुठे एक टवका उडाला. चिमण्या जवळ आल्या, टवक्याला चोच मारून पाहिली आणि उडून गेल्या.

खिडकीतून एर्गश अका हे सारे पाहत होता. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही सैन्यात गेलात तेव्हा तुमच्या आईनं काय केलं होतं?"

साहेबांनी मला मांडीवर ठेवले. "टांगली होती," मग ते म्हणाले. "वर्षभर. उंदीर फार होते आमच्याकडे. आईला मांजराचा तिटकारा, तरी त्या रोटीपायी तिनं मांजर पाळलं."

"आल्यावर खाल्लीत?"

"चहात बुडवून खायला लावली. दाढा दुखल्या दोन दिवस."

"चव कशी होती?"

साहेबांचा अंगठा सोन्याच्या दातांच्या खुणेवर थांबला होता. त्यांनी रुमालाने माझी धूळ पुसली आणि मला आपल्या हाताने खिळ्यावर टांगले. "दोन महिने," ते अकाला म्हणाले. "त्यानंतर नवी मुलगी येणार. पायऱ्या चढता येत नाहीत अशा बाईला मी डबा कसा देऊ?"

ते दोन महिने आज संपणार होते.

आज सकाळी गाडी ताश्कंदला उभी होती. मुकर्रम ओपा काठी टेकत फलाटावरून आली. अका धावत खाली उतरला आणि त्याने हात पुढे केला.

"हात बाजूला घे," ओपा म्हणाली. "बावीस वर्षं मी लोकांना हात देऊन वर घेतलंय. आता मला नाही कुणी वर ओढायचं."

काठी तिने अकाकडे दिली. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. तिसरीपाशी थांबली, दांडा घट्ट धरून. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी खिळ्यावर जीव मुठीत धरून होते.

"माझी रोटी कुठंय?" तिने विचारले.

ओताबेक साहेब आत आले. त्यांनी मला उतरवले आणि दोन्ही हातांवर धरून दारात उभे राहिले. ओपाने मला पाहिले आणि तिसरी पायरी चढून वर आली.

"हा टवका कुणी खाल्ला?"

साहेबांचे कान लाल झाले. "चिमण्यांना घातला होता, ओपा."

"खाल्ला त्यांनी?"

"नाही."

"चिमण्यांना अक्कल आहे," ओपा म्हणाली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

मित्रांनो, समोवार उकळला आहे. चहा तीनदा ओतून झाला आहे आणि मी वाडग्यात भिजते आहे, म्हणून माझे बोलणे तुकड्या-तुकड्यांत येत असेल तर सांभाळून घ्या. ओपाने पहिले तुकडे इतरांना वाटले. साहेबांनी आपला तुकडा बराच वेळ चावला.

"तर मग?" अकाने विचारले. "चव कशी होती तेव्हा?"

"अशीच," साहेब म्हणाले आणि त्यांनी वाडग्यातून दुसरा तुकडा उचलला.

माझे मागणे मोठे नाही. ताटातली रोटी टाकू नका. आणि कुणी घर सोडून गेले असेल, तर ते येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी तेवढेच केले. आता माझा शेवटचा तुकडा ओपाच्या हातात आहे. तिने तो फिरवून आपल्या दातांची खूण शोधली, आणि सात महिन्यांपूर्वी जिथे सोडले होते, तिथूनच ती खायला लागली आहे.