मैनाबाईचा प्रश्न

पावसाळ्यातल्या वर्षावासात भिलाईच्या त्या छोट्या विहारात दर रविवारी दुपारी बायका जमत. वाचून दाखवायला आणि समजावून सांगायला भागीरथाबाई असायच्या. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वतः त्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. त्यांचा शब्द बायका खाली पडू देत नसत.

त्या रविवारी अष्टांग मार्गातली सम्यक वाचा होती. खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कोणाला टाकून बोलू नये, वायफळ बडबडू नये. भागीरथाबाईंनी चारही गोष्टी नेहमीसारख्या सोप्या करून सांगितल्या.

मागे बसलेल्या मैनाबाईने हात वर केला. दोन महिन्यांपूर्वी तिच्या नीतूचं कुम्हारीला ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"ताई, एक इचारू? गोष्ट खरीच असली, पण कोणाचं वाटोळं करासाठी सांगतली, तर थे कशात येते?"

"चहाडीत," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मंग बराबर. कोण्यातरी बाईनं नवरदेवाच्या घरी सांगतलं, पोरगी परक्या माणसाच्या गाडीवर फिरून राहिली म्हणून. माही पोरगी लॅबमधून सुटली का बस नसे, तं सोबत काम करणारा पोरगा सोडून देत होता. मैत्री भावना करतानी मी साऱ्यायचं भलं होवो म्हणतो, अन् थ्या बाईपाशी येऊन अटकून जातो. का करू?"

भागीरथाबाईंनी पुस्तकात डोळे घातले. "पुढच्या रविवारी सांगतो," त्या म्हणाल्या.

ती बाई म्हणजे त्या स्वतःच होत्या. कुम्हारीचे ते लोक आधी त्यांच्या नातीला, रोशनीला, बघून गेले होते. तिला नापसंत करून त्यांनी नीतूला पसंत केलं. मग एका बारशाला नवऱ्या मुलाची आत्या कांता भेटली, तेव्हा भागीरथाबाईंनी जुनवानीच्या चौकात नीतूला एका मुलाच्या गाडीवर पाहिल्याचं हळूच तिच्या कानावर घातलं. पाहिलं ते खरंच होतं. एवढ्या खरेपणावर त्यांनी दोन महिने मनाची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मैनाबाईच्या दारात उभ्या राहिल्या. ती तांदूळ निवडत होती.

"मैना, थी बाई मीच आहो."

मैनाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा हात सुपातच राहिला. "तुमी? कावून, ताई?"

"माह्या रोशनीले नाही म्हटलं होतं न त्यायनं."

आतून नीतू आली. तिने सगळं ऐकलं होतं. "हे आमाले सांगून का फायदा, काकू? जिथं सांगतलं, तिथं जाऊन सांगा."

भागीरथाबाई तशाच बस पकडून कुम्हारीला गेल्या. कांताच्या बैठकीत चार माणसांसमोर म्हणाल्या, "पोरगी सोन्यासारखी आहे. मी जळफळाटानं बोलली होती." कांताने पाणी दिलं आणि सांगितलं, मुलाचं दुर्गला ठरलं, साखरपुडाही झाला. वर हसून म्हणाली, "पण मावशी, तुमी तं विहारात शिकवता न?"

परत येऊन त्यांनी जे झालं ते नीतूला सांगितलं. नीतू म्हणाली, "मले थे घर पाहिजेच नाही आता. पण तुमी आमच्या घरी येत नका जाऊ." मैनाबाई सूप उचलून आत गेली.

रोशनीलाही सांगावं लागलं. "माह्या नावानं केलं तू हे, आजी?" असं विचारून ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी विहारात मैनाबाई आली नाही. भागीरथाबाईंनी पुस्तक दुसरीच्या हातात दिलं आणि उभ्या राहून सगळ्यांना सगळं सांगितलं. शेजारची एक जण त्यांचा हात धरून म्हणाली, "जाऊ द्या ताई, होते असं. आमी नाही का बोलत इकडचं तिकडचं?"

दोघीतिघींनी माना डोलावल्या. भागीरथाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मागे जाऊन भिंतीशी बसल्या.