नसांचा गुंता

दीपमालाचा गर्भ तिसऱ्याच महिन्यात पडला, पण अंगावरून जाणं काही थांबेना. म्हणून तिला ढाणकीहून पुसदला आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचा लाल-निळा गुंता तिला नि तिच्या नवऱ्याला, संघदीपला, दाखवला. बाळाला पोसायला गर्भाशयाच्या अस्तरात नव्या नसा फुटतात, बाळ गेलं की त्या आटतात; हिच्या आटल्या नव्हत्या. पिशवी खरवडायला जावं, तर रक्त आवरायचं नाही. बहुतेकदा आपोआप आटतात, बाई म्हणाल्या, पण तोवर दवाखान्याजवळच राहायचं.

म्हणून ती पुसदलाच नणंदेकडे, कुंदाताईकडे, राहिली. मागची खोली, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. कुंदा जीव लावायची, पण भरलेला तांब्याही उचलू द्यायची नाही. ही न्हाणीत गेली की बाहेरून हाका मारायची. सासू इंदूबाई रोज फोनवर सांगे, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. दीपमालाला अजून एकही मूल नव्हतं.

एका रविवारी संघदीप आला. दाराआडून दीपमालाला ऐकू आलं, तो बहिणीला सांगत होता, "म्या डॉक्टरले सांगून ठेवलं, येळ आली तं पिशवी काढून टाका. तिले इचारत बसू नका."

तिने चपला घातल्या आणि मागच्या दाराने निघाली. स्टँड गाठायचं, ढाणकीची गाडी धरायची, एवढंच डोक्यात. गल्लीच्या टोकाशी मांडीवर ओलं लागलं. ती भिंत धरून उभी राहिली. घामच होता. पण वाटेत कुठे काही झालं तर, हा विचार एकदा शिरला तो निघेना. कुणीही अडवलं नव्हतं. तीच मागे फिरली, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.

संघदीप दारात उभा होता. "काहून गेलती?"

"पिशवी माही हाये," ती म्हणाली. "इचारायचं तं मले इचारा."

त्याने बाजूला होऊन तिला आत घेतलं. मग म्हणाला, एक गेलंच, आता तूही गेलीस तर, या भीतीने बोलून गेलो. भीती तिलाही होती. पण तिने नजर हटवली नाही.

पुढच्या तपासणीला ती एकटीच आत गेली. जीवावर बेतलं तरच काढा, तिने बाईंना सांगितलं, आणि शुद्धीत असेन तोवर मलाच विचारा. बाईंनी मान डोलावली. गुंता कमी झाला होता, गेला नव्हता. अजून महिनाभर इथेच.

परतताना ऑटोत संघदीपने आत काय झालं ते विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. कुंदाच्या दाराशी ऑटो थांबला, तरी पुन्हा त्या मागच्या खोलीत जायला कितीतरी वेळ तिला उतरवेना.