दहाच्या वेगातला हिसका

मित्रांनो, मी नऊ वर्षांची, उंचीपुरी गाडी आहे. गिअर बदलायला मला माणसाचा हात लागत नाही, माझे मीच बदलते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या गिअरबॉक्समध्ये सरबतासारखं लाल, नितळ तेल होतं. "हे तेल जन्मभर पुरतं," असं कुणीतरी माझ्या मालकांना सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. माझं बाहेरचं अंग ते दर रविवारी आरशासारखं लखलखीत पुसत. आतल्या तेलाची विचारपूस मात्र कधीच झाली नाही.

तेल काळं पडत गेलं आणि मी बिघडले. बिघाडही लबाड! ऐंशीच्या वेगात मी लोण्यासारखी धावायचे. वेग दहावर आला, की पहिला गिअर की दुसरा, या घोळात एकदम पुढे हिसका मारायचे. मालक मला मोठ्या रस्त्यानेच नेत. शाळेचं फाटक, दवाखान्याचं आवार, गल्लीबोळ त्यांच्या बायकोच्या, म्हणजे घरच्या सूनबाईंच्या वाट्याला.

"अहो, गाडी हिसके देते," सूनबाई म्हणत.

"गाडी कशाला देईल? तुझा पाय देतो," मालक हसत.

त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीच्या पायाचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. गुडघा आखडू नये म्हणून सूनबाई तिला रोज सकाळी व्यायामाला दवाखान्यात नेत. एकदा परतल्यावर मालकांचे वडील, म्हणजे आजोबा, नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून मला जागा दाखवत होते. "ये... ये... अजून ये..." सूनबाईंनी ब्रेक जरासा सैल केला, आणि मी उसळले! त्यांनी सगळं बळ लावून ब्रेक दाबला. मी थांबले तेव्हा आजोबांचे गुडघे आणि माझा बंपर यांत चार बोटांचं अंतर होतं. मागे पोर रडू लागली.

"माझा पाय ब्रेकवरच होता हो," सूनबाई संध्याकाळी मालकांना म्हणाल्या. ते खरं होतं. पण मला तोंड कुठलं?

मालकांनी किल्ली काढून घेतली. ते स्वतः सकाळी लवकर कामावर जात आणि परत येईपर्यंत दवाखाना बंद व्हायचा. चार दिवस व्यायाम बुडाला. पोरीचा गुडघा पुन्हा आखडला आणि ती भिंत धरून चालू लागली.

पाचव्या दिवशी सूनबाई हट्टालाच पेटल्या. मालक, सूनबाई आणि लेक मला मेकॅनिककाकांकडे घेऊन आले. काकांनी मला रस्त्यावर दामटलं आणि म्हणाले, "झकास पळते की!"

"पळवू नका काका. माणूस चालतो तशी चालवा," सूनबाई म्हणाल्या.

काकांनी मला आवारातच फिरवलं. मालक शेजारी, सूनबाई मागे लेकीला धरून. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणत होते, बिघाडा, ये रे बाबा! एक फेरी झाली, काही नाही. दुसरी झाली, तरी काही नाही. मालकांनी मागे वळून नुसतं बघितलं. सूनबाई पुढे झुकल्या.

"अजून एकच फेरी. वळणावर ब्रेक सोडा, अगदी हळूच."

काकांनी सोडला. आणि मी असा हिसका मारला, की मालकांचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

"पाय कुणाचा होता?" सूनबाईंनी विचारलं.

"माझा," काका म्हणाले. "बत्तीस वर्षं मुरलेला!"

काकांनी तेल काढलं. डांबरासारखं काळं, जळका वास मारणारं. "साहेब, जन्मभर पुरणारं तेल अजून जन्माला यायचंय," काका म्हणाले. "थोडी झीज झालीय, ती भरून येणार नाही. पण वेळेवर तेल बदललंत, तर अजून बरीच वर्षं चालेल."

नवं तेल पोटात गेल्यावर मालकांनी किल्ली सूनबाईंच्या हातावर ठेवली. "चुकलं माझं. दवाखाना अजून उघडा असेल. चल, तूच चालव." ते स्वतः मागे, लेकीशेजारी जाऊन बसले.

मित्रांनो, यंत्राला वरून पुसता, तसं आतूनही वेळच्या वेळी बघत जा. आणि घरातलं कुणी "हिसका बसतोय" म्हणालं, तर त्याच्या पायाकडे बोट दाखवण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा, आणि त्याच्याच वेगाने चालून बघा.