मला पाहून गोमाजी उठून गेले

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. मी प्लास्टरचा, माणसाच्या फुप्फुसांचा जुना नमुना आहे. कल्याणच्या सीताराम मूर्तिकारांनी १९८६ साली, गणपतीचं काम आटोपल्यावर मला घडवलं. एक फुप्फुस गुलाबी, दुसरं विडी ओढणाऱ्याचं, काळंकुट्ट. ते इतकं हुबेहूब झालं की त्यांच्या बायकोने मला फडक्याखाली झाकून ठेवलं.

ठाण्याच्या एका रुग्णालयात मी गेलो. तिथले सर डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना सांगत, "समजावण्यात वेळ घालवू नका. हे दाखवा. पेशंट घाबरला की विडी सुटली." सगळे माझं कौतुक करत. मलाही वाटे, आपण माणसं वाचवतोय.

शुभदा त्या विद्यार्थ्यांपैकी एक. वर्तकनगरची, हुशार, बोलण्यात जरा उतावीळ. एका सकाळी तिच्यापुढे गोमाजी येऊन बसले. खाडीत मासेमारी करणारे, पन्नाशीचे कोळी. खोकला थांबत नव्हता. सोबत बायको सगुणा.

"दिवसाला किती विड्या ओढता?"

"एक बंडल जातो."

"बंडल!" शुभदाने मला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, काळी बाजू त्यांच्याकडे करून. "बघा काका, आतून तुम्ही असे झालायत. ओढा अजून!"

गोमाजींनी मला बोट लावलं. मग तेच बोट शर्टाला पुसलं आणि ते उठून गेले. त्यांची थुंकी तपासायची होती, ते सांगायचं राहूनच गेलं. सर मात्र खूश होते. "शाब्बास! कसा हादरला बघ."

काही महिन्यांनी सगुणा एकटीच आली. तिने शुभदाला बरोबर ओळखलं.

"बाय, त्यांनी बिडी नाय सोडली, दवाखाना सोडला. बोलतात, आतून सगला जलला, आता सोडून काय फायदा? काल खोकल्यातून रगत पडला."

शुभदाचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काळी बाजू भिंतीकडे वळवावीशी वाटली, पण मला कुठे हलता येतं?

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. त्याच दुपारी ती सगुणासोबत कोळीवाड्यात गेली. गोमाजी ओट्यावर पाठ करून बसले होते.

"काका, चूक माझी झाली. न तपासताच मी तुम्हाला घाबरवलं. हा क्षय असेल, तर त्याला औषध आहे."

ते वळून म्हणाले, "मंग तवा का नाय सांगितला?"

शुभदाने थुंकी तपासायची डबी त्यांच्यापुढे ठेवली.

क्षयच निघाला. औषधं सुरू झाली. या वेळी शुभदाने विचारलं, "काका, विडी नेमकी कधी लागते?" पहाटे होडीवर हात गारठले की, असं ते म्हणाले. मग सगुणा त्यांना किटलीत गरम चहा भरून देऊ लागली. विडी आधी कमी झाली, मधे दोनदा पुन्हा सुरू झाली, शेवटी सुटली. पण उपचाराला झालेल्या उशिराने छातीचं व्हायचं ते नुकसान झालंच होतं. गोमाजींना पुन्हा जाळं ओढवलं नाही. ते किनाऱ्यावर बसून इतरांची जाळी विणत. शुभदा भेटायला गेली की हसून बोलत. ते हसणं तिला जास्तच टोचायचं.

पुढे नव्वदीच्या दशकात ती कोपरच्या एका दवाखान्यात विद्यार्थ्यांना शिकवू लागली. मलाही सोबत घेऊन आली. एकाला पेशंट बनवायची, दुसऱ्याला डॉक्टर. एकदा एका मुलीने लगेच माझ्याकडे हात नेला.

"मॅडम, आधी हे दाखवू ना?"

"आधी विचार," शुभदा म्हणाली. "त्यांना विडी का लागते ते विचार. सोडायचा प्रयत्न केला होता का, ते विचार. आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नकोस."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्यांना माझ्यासारखं काही दाखवून भिववू नका. जवळ बसा. त्यांचं ऐका. डॉक्टरकडे जाताना सोबत जा. त्या रुग्णालयात मला पाहून बरेच जण मुकाट्याने उठून गेले. गोमाजींसाठी सगुणा परत आली. बाकीच्यांसाठी कुणी आलं का, मला माहीत नाही.